संबंध बिघडले की बिघडवले? ‘अ‍ॅसर्बेट’ लिहिण्याआधी

सोलापूरच्या एका टॉवेल कारखान्यात निर्यातीचा पत्रव्यवहार बघणाऱ्या तरुणाचा हा प्रश्न. जर्मनीतल्या बायरला, म्हणजे खरेदीदाराला, त्यांना जरा कडक पत्र लिहायचं आहे. बायरने रंगाचा नमुना, म्हणजे लॅब डिप, मंजूर करायला तीन आठवडे लावले. डाइंग, म्हणजे रंगवण्याचं काम, लांबलं, माल ठरलेल्या जहाजावर चढला नाही, आणि आता तोच बायर उशिराबद्दल सूट मागतो आहे. आधीच्या बिलाची बाकी आहे ती आहेच. पत्रात त्यांनी वाक्य लिहिलंय: ‘युवर डिले हॅज अ‍ॅसर्बेटेड द सिच्युएशन अँड एम्बिटर्ड अवर रिलेशन्स.’ मालक म्हणतात, असा शब्दच नाही, ‘एक्झॅसर्बेट’, म्हणजे आणखी बिघडवणं, असं लिहायचं होतं आणि पुढचं अक्षर खाल्लंय. कॉम्प्युटर मात्र शब्दाखाली लाल रेघ मारत नाही. बरोबर कोण, आणि हा शब्द वापरला तर इंग्रजी चांगलं दिसेल का, असं त्यांनी विचारलंय.

पहिल्या भागाचं उत्तर एका ओळीचं आहे. शब्द आहे, तुमचं स्पेलिंग बरोबर आहे, मालकांचा अंदाज चुकलाय. तरीही हे वाक्य मी पाठवू देणार नाही.

मी सोलापुरात बरीच वर्षं कारखानदारांची इंग्रजी पत्रं लिहून देते आणि कोर्टाच्या कागदांची भाषांतरं करते. शब्द आहे की नाही, असं विचारत माणूस येतो तेव्हा अडचण बहुतेक वेळा दुसरीकडेच असते. तुमचंही तसंच दिसतंय. तुम्हाला समोरच्याला सांगायचंय की नुकसान त्याच्यामुळे झालं. ते सांगताना ऑर्डर हातची जायला नको, आणि मालकांना पत्र वाचून समाधान वाटायला हवं. ही तीन ओझी तुम्ही एका क्रियापदाच्या डोक्यावर दिलीत, आणि तेही अशा क्रियापदाच्या, जे तुमच्या बायरने आयुष्यात पाहिलेलं नसेल. तो जर्मन आहे, इंग्रजी त्याचीही शिकलेलीच भाषा.

आधी शब्दाचं मूळ बघू, कारण पुढचं त्यावरूनच कळतं. लॅटिनमध्ये ‘अ‍ॅसर्बुस’ म्हणजे तोंड आक्रसून टाकणारी चव, न पिकलेल्या फळाची. कच्चं कवठ दाताखाली आलं की जे होतं ते. त्यावरून कठोर, बोचरं असाही अर्थ आला. ‘अ‍ॅसर्बेट’ म्हणजे कडवट करणं, आणि त्यापुढे जाऊन माणसाला चिडवणं, त्रासवणं. याच घरातलं ‘अ‍ॅसर्बिक’ हे विशेषण आजही चालतं. एखाद्याची टीका किंवा विनोद बोचरा असतो तेव्हा वापरतात. ‘एक्झॅसर्बेट’ त्याच लॅटिन धातूला पुढे ‘एक्स’ लावून झालेला, इथे त्या ‘एक्स’चा अर्थ ‘पुरतं, अगदी’ असा. सतराव्या शतकापासून तो इंग्रजीत आहे, आणि दोघा भावंडांत धंदा यानेच सांभाळला. ‘अ‍ॅसर्बेट’ कोशात राहिला. काही लोक आज तो ‘एक्झॅसर्बेट’च्या अर्थाने वापरतात, पण वाचणाऱ्याला तो थोरल्या भावाचा तुटलेला तुकडाच वाटतो. तुमच्या मालकांनाही तेच वाटलं ना? बायरलाही वाटेल. शब्द कोशात सापडतो म्हणून तुम्ही वाद जिंकाल, पण बायर कोश उघडणार नाही. तो समजेल की यांना स्पेलिंग येत नाही. पैशाचं भांडण चालू असताना समोरच्याच्या मनात असलं काही यायला नको.

आता ‘एक्झॅसर्बेट’ घातला तर वाक्य सुधारतं का? थोडंफार. पण या क्रियापदाच्या दोन अटी आहेत, आणि त्या लोक पाळत नाहीत.

पहिली अट, जे बिघडवायचं ते आधीच बिघडलेलं हवं. तंटा, टंचाई, दुखणं, तूट. चांगली गोष्ट ‘एक्झॅसर्बेट’ होत नाही. दवाखान्याच्या कागदावर हा शब्द सर्वांत काटेकोर वापरलेला दिसतो. जुन्या दम्याच्या पेशंटच्या डिस्चार्ज कार्डावर ‘अ‍ॅक्यूट एक्झॅसर्बेशन’ असतं, म्हणजे दुखणं जुनंच, आता उसळलंय. धडधाकट माणसाला पहिल्यांदा धाप लागली तर डॉक्टर तसं लिहीत नाहीत. हीच कसोटी पत्राला लावा. लॅब डिपला उशीर होण्याआधी काही बिघडलं होतं का? तुमच्या सांगण्यावरून, आधीची बाकी थकली होती आणि त्यामुळे सुताची खरेदी तंगीत होती. म्हणजे ‘एक्झॅसर्बेट’ची जागा आहे, पण ती पैशाच्या तंगीशी. ‘सिच्युएशन’ असं मोघम लिहून ती जागा तुम्ही वाया घालवलीत.

दुसरी अट कर्माची. ‘एक्झॅसर्बेट’ माणसाला होत नाही, अडचणीला होतं. माणसाला चिडवायचं असेल तर ‘एक्झॅस्परेट’. तो शब्द वेगळ्याच मुळाचा, लॅटिन ‘अ‍ॅस्पर’ म्हणजे खरखरीत. कानाला दोन्ही सारखे लागतात, त्यात ‘एक्झॅजरेट’ म्हणजे अतिशयोक्ती करणं हाही येऊन मिसळतो, आणि फोनवर तिन्हींची जी खिचडी होते ती विचारू नका. ‘एम्बिटर’ मात्र माणसालाही लागतं आणि नात्यालाही. माणसाला लागलं की अर्थ जड होतो: आयुष्याने कडवट करून सोडलेला माणूस. एका वाटणीच्या दाव्यात लूमच्या शेडवरून दोन भावांचं बिनसलं होतं, आणि कोणीतरी थोरल्याला ‘अ‍ॅन एम्बिटर्ड मॅन’ लिहून ठेवलं होतं. मराठी जबानीत होतं ‘आमच्यात कटुता आली’. केवढा फरक! एकात दोघांमधलं वातावरण कडू आहे, दुसऱ्यात थोरला भाऊच मुळात कडवट ठरला. मी तिथे ‘रिलेशन्स बिकेम स्ट्रेन्ड’ केलं. ताणले गेलेले संबंध, कोणी ताणले ते जबानीतच नव्हतं, म्हणून भाषांतरातही नाही.

इथून पुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मराठीत आपल्याला एक मोठी सोय आहे. ‘प्रकरण चिघळलं.’ ‘संबंध बिघडले.’ ‘वाद विकोपाला गेला.’ यात करणारा कोणी नाही, गोष्टी आपोआप झाल्यासारख्या वाटतात. ज्याने केलं त्यालाही कळतं, ज्याला सोसावं लागलं त्यालाही कळतं, पण कुणाचं नाव घेतलेलं नसतं. नाव घ्यायचं असेल तर क्रियापदात एक ‘व’ घालायचा: बिघडवले, चिघळवलं. आपल्या गावात राहणाऱ्याला हे निराळं शिकवायला नको. कन्नडमध्ये ‘केडु’ म्हणजे बिघडणं आणि ‘केडिसु’ म्हणजे बिघडवणं. तेलुगूत ‘चेडिपोवु’ आणि ‘चेडगोट्टु’. पूर्व भागातल्या कारखान्यात सकाळी मागावर सूत तुटलं तर पहिली दहा मिनिटं तिन्ही भाषांत याच जोडीवरून हुज्जत चालते: ते बिघडलं की कोणी बिघडवलं.

इंग्रजीत ही जोडी प्रत्येक क्रियापदाला नाही. ‘एक्झॅसर्बेट’, ‘अ‍ॅसर्बेट’, ‘एम्बिटर’, ‘अ‍ॅग्रॅव्हेट’ या साऱ्यांना कर्म लागतं, आणि कर्म लागलं की करणाराही पुढे येतो. ‘द प्रॉब्लेम एक्झॅसर्बेटेड’ हे वाक्य इंग्रजीत अपुरं आहे. आपण ते सर्रास लिहितो, कारण डोक्यात ‘अडचण वाढली’ असतं. उलट ‘डिटिरिओरेट’ला सहसा कर्म लागत नाही. ‘पावसाने रस्त्याची अवस्था बिघडवली’ याचं ‘रेन डिटिरिओरेटेड द रोड’ असं सरकारी अहवालांत मी किती वेळा दुरुस्त केलंय त्याचा हिशेब नाही. दोन्हीकडे चालणारे दोन साधे शब्द आहेत, ‘वर्सन’, म्हणजे आणखी बिघडणं किंवा बिघडवणं, आणि ‘सावर’. ‘रिलेशन्स सावर्ड’ म्हणजे संबंध आंबले. ‘द डिले सावर्ड रिलेशन्स’ म्हणजे उशिराने संबंध आंबवले. मराठीची सोय जशीच्या तशी.

आता तुमचं वाक्य या अंगाने वाचा. ‘युवर डिले’ हा कर्ता. त्याने परिस्थिती बिघडवली आणि त्यानेच संबंध कडू केले. तुमच्या मनात मराठीत बहुधा ‘उशीर झाला, त्यामुळे अडचण वाढली आणि थोडी कटुता आली’ असं असणार. मराठी वाक्यात तीन क्रिया आहेत आणि एकीलाही करणारा नाही. इंग्रजीत येईपर्यंत तिन्हींचा करणारा एकच झाला, तोही ‘तुमचा’ असा बोट दाखवून. तुम्ही मुद्दाम कडक झाला नाहीत, कर्म मागणाऱ्या क्रियापदाने तुम्हाला कडक केलं. त्यात ‘एम्बिटर्ड अवर रिलेशन्स’ हे तर बायरच्या वतीने तुम्हीच जाहीर करून टाकलंत. त्याच्या बाजूने संबंध अजून ठीक असतील तर? ज्या पत्राने कटुता कमी व्हायची त्यानेच ती कागदावर आणली.

कर्मणी प्रयोग करून सुटका होते, असं काहींना वाटतं: ‘द सिच्युएशन वॉज एक्झॅसर्बेटेड’. होते, पण अर्धवट. वाचणारा लगेच विचारतो, कशामुळे? लपवाछपवी वाटते. करणारा सांगायचाच नसेल तर ‘वर्सन्ड’ लिहा, कोणी काही विचारत नाही.

म्हणून इंग्रजी क्रियापद शोधण्याआधी मी समोरच्याकडून वाक्य मराठीत वदवून घेते, आणि ‘बिघडलं’ की ‘बिघडवलं’ एवढंच विचारते. ‘बिघडलं’ म्हणाला तर निम्मे इंग्रजी शब्द तिथेच गळतात. ‘बिघडवलं’ म्हणाला तर पुढचा प्रश्न, काय बिघडवलं: आधीची अडचण, माणूस की नातं? अडचण असेल तर ‘एक्झॅसर्बेट’ किंवा साधं ‘मेक वर्स’. माणूस असेल तर शक्यतो पत्रात लिहू नका. नातं असेल तर ‘सावर’ किंवा ‘स्ट्रेन’. शब्दकोशातल्या समानार्थी शब्दांच्या यादीत हे सगळे एका रांगेत उभे असतात, कोणता कुठे बसतो ते यादी सांगत नाही.

त्या यादीतल्या आणखी काही शब्दांबद्दल आता सांगते, कारण ‘अ‍ॅसर्बेट’ नको म्हटलं की तुम्ही त्यांच्याकडे वळाल.

‘व्हिशिएट’ आपल्याकडे फार आवडता. ‘व्हिशिएटेड द अ‍ॅटमॉस्फिअर’ म्हणजे वातावरण कलुषित केलं, हे भारतीय इंग्रजीत नेहमी दिसतं. पण करारनाम्याशेजारी तो वापरायचा तर जपून. कायद्यात ‘व्हिशिएट’ म्हणजे एखादी गोष्ट सदोष करून तिचा प्रभाव घालवणं. फसवणुकीने करार ‘व्हिशिएट’ होतो. उशिराने कराराला ‘व्हिशिएट’ केलं, असं तुम्ही लिहिलंत तर बायरचा वकील विचारेल, मग करार उरलाच नाही का? उरला नसेल तर बाकी कोणत्या कराराखाली मागताय?

‘कंपाउंड’ही असाच. साध्या इंग्रजीत ‘कंपाउंडेड द प्रॉब्लेम’ म्हणजे अडचणीत भर घातली. पण फौजदारी कायद्यात ‘कंपाउंड’ म्हणजे तडजोडीने मिटवणं. 1973च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 320 होतं ते तडजोडपात्र गुन्ह्यांचं. 1 जुलै 2024 पासून संहिता बदलली, शब्द तोच राहिला. म्हणजे एकच क्रियापद एका टेबलावर भांडण वाढवतं आणि शेजारच्या टेबलावर मिटवतं. कारखान्याच्या पत्रात चालेल. वकिलाला देणार असलेल्या निवेदनात टाळते.

‘अ‍ॅग्रॅव्हेट’चं मूळ लॅटिन ‘ग्रॅव्हिस’, म्हणजे जड. आपला ‘गुरू’ शब्द, जड या अर्थाचा, त्याच जुन्या कुळातला आहे. तेव्हा ‘अ‍ॅग्रॅव्हेट’ म्हणजे भार वाढवणं. ‘चिडवणं’ या अर्थानेही इंग्रज तो फार जुन्या काळापासून बोलतात, पण कडक व्याकरणवाले त्या अर्थावर अजून नाक मुरडतात, म्हणून लेखी भाषेत मी तो अर्थ घेत नाही. कोर्टात याचं स्थान पक्कं आहे. फाशीच्या शिक्षेबाबत 1980च्या बच्चनसिंग खटल्यापासून गुन्ह्याचं गांभीर्य वाढवणाऱ्या आणि कमी करणाऱ्या बाबी तोलतात, त्यातल्या वाढवणाऱ्या बाबींना ‘अ‍ॅग्रॅव्हेटिंग’ म्हणतात. 2012च्या पोक्सो कायद्यातही ‘अ‍ॅग्रॅव्हेटेड’ आहे. टॉवेलच्या रंगावरून चाललेल्या पत्रात एवढा जड शब्द कशाला?

‘एन्व्हेनम’ म्हणजे विष कालवणं. खेड्यातल्या सर्पदंशाच्या केसपेपरवर ‘एन्व्हेनमेशन’ लिहिलेलं असतं, त्याच्यापलीकडे मला तो लागलेला नाही. ‘फेस्टर’ मात्र मला आवडतो, कारण आपल्या ‘चिघळणं’चा हाच खरा जोडीदार. दोन्हीत जखम आहे, दोन्हीत दुर्लक्ष आहे, आणि दोन्हींना कर्म लागत नाही. ‘रँकल’ म्हणजे सलणं. त्याचं मूळ फ्रेंचमार्गे लॅटिनमधल्या ‘छोटा सर्प’ अशा अर्थाच्या शब्दात आहे, चिघळलेल्या गळवाला तसं म्हणत. पत्रात याचा उपयोग शून्य, पण सांगितल्यावाचून राहवलं नाही.

आता तुमचं पत्र. मी ते असं लिहीन. पहिली तीन वाक्यं: ‘वी सेंट द लॅब डिप्स ऑन 5 मार्च. युवर अ‍ॅप्रूव्हल रीच्ड अस ऑन 26 मार्च. द ऑर्डर शीट अलाउज सेव्हन डेज.’ इथे थांबा. तुमचा उशीर चौदा दिवसांचा, हे तुम्ही म्हटलं नाही, त्याने स्वतः मोजलं. स्वतः केलेला हिशेब माणूस सहसा नाकारत नाही. पुढे: ‘डाइंग स्टार्टेड टू वीक्स लेट, अँड द गुड्स मिस्ड द व्हेसल.’ यात डाइंग उशिरा सुरू झालं आणि मालाचं जहाज चुकलं. दोन्ही ‘बिघडलं’ जातीची वाक्यं, बोट कुणाकडे नाही. मग एका वाक्यात नकार: या कारणाने सूट मान्य करता येत नाही. नकारात विशेषण नको, खेद एकदा पुरे.

‘एक्झॅसर्बेट’ची एक जागा आहे असं वर म्हटलं, ती इथे येते. बाकीबद्दल लिहा की आधीचं बिल थकल्यामुळे त्याच्याच पुढच्या ऑर्डरचं सूत आगाऊ उचलणं अवघड होतंय, आणि आता सूट दिली तर ते आणखी अवघड होईल. इंग्रजीत ‘इट विल मेक इट हार्डर फॉर अस टू बुक यार्न फॉर युवर नेक्स्ट ऑर्डर’. अवघड जास्त अवघड होणं हाच ‘एक्झॅसर्बेट’चा अर्थ. तो शब्द न वापरता पुरता आला, आणि बायरच्या स्वतःच्या मालाशी जोडला गेला. आपली अडचण त्याच्या ऑर्डरच्या आड आली की तो वाचतो. आपल्या भावना वाचत नाही.

मालक हे वाचून ‘एवढंच? यात दम कुठाय?’ म्हणतील, याची मला खात्री आहे. मालकांचंही चूक नाही. आपल्याकडे इंग्रजी पत्राचा दम शब्दांच्या वजनावरून मापायची जुनी सवय आहे, वकिलांच्या नोटिसा वाचून ती लागलेली. त्यांना एक करायला सांगा: दोन्ही मसुदे बायरच्या हिशेबनिसाच्या जागी बसून वाचा. पहिल्यात तो ‘अ‍ॅसर्बेटेड’वर अडखळेल, ‘एम्बिटर्ड’वर चिडेल आणि उत्तरात स्वतःच्या भावना लिहील. दुसऱ्यात त्याला उत्तर द्यायला फक्त तारखा उरतात. पत्रानंतर फोन होणारच, आणि फोनवर 5 आणि 26 म्हणणं सोपं आहे.

हे सगळं पत्राच्या हेतूवर अवलंबून आहे, हेही कबूल करते. हाच व्यवहार संपवायचा असेल, पुढची ऑर्डर नकोच असेल आणि पुढचा कागद वकिलाकडून जाणार असेल, तर ‘तुम्ही बिघडवलं’ हे स्पष्ट कर्त्यासकट लिहायलाच हवं. तिथे ‘वर्सन्ड’सारखा मऊ शब्द तुमची बाजू लंगडी करेल. तिथे ‘कॉज्ड’ लिहा, ‘क’मुळे ‘ख’ झालं एवढंच सांगणारा. नुकसानीच्या दाव्यात कारण आणि परिणाम सिद्ध करायचे असतात, कडूपणा नाही. बायर इंग्लंड किंवा अमेरिकेचा असेल, वर्षानुवर्षांचा ओळखीचा असेल आणि पत्र खासगी असेल, तर ‘एक्झॅसर्बेट’ने काही बिघडत नाही, त्यांच्या रोजच्या वर्तमानपत्रातला शब्द आहे तो. आखाती देशांतल्या बायरशी व्यवहार असेल तर मी वाक्यं आणखी छोटी करते, कारण पत्र बहुतेकदा तिथला दुसराच कोणी आपला माणूस वाचून तोंडी सांगतो, आणि तोंडी सांगताना अवघड क्रियापद पहिल्यांदा गळतं.

स्पर्धा परीक्षेच्या निबंधात ‘एक्झॅसर्बेट’ शोभतो, पण एकदाच, आणि कर्त्यासकट: कशाने काय वाढवलं. उजनीचं पाणी आणि टंचाई यावर लिहिणारी मुलं दर परिच्छेदात तो टाकतात. तपासणाऱ्याला तिसऱ्यांदा तो दिसला की पाठांतर कळतं.

आणि ‘अ‍ॅसर्बेट’? त्यालाही जागा आहे. एखाद्या कथेचं भाषांतर करताना जुन्या वळणाचं, पुस्तकी इंग्रजी बोलणारं पात्र असेल, निवृत्त हेडमास्तर समजा, तर त्याच्या तोंडी हा शब्द खुलून दिसेल. तिथे वाचक अडखळला तर बरंच, कारण ते अडखळणं म्हणजेच ते पात्र. माणसाच्या स्वभावाला लावा, तंट्याला नको, म्हणजे तो ‘एक्झॅसर्बेट’चा तुकडा वाटणार नाही. म्हणायचा ‘अ‍ॅ’वर जोर देऊन. ‘एक्झॅसर्बेट’मध्ये जोर दुसऱ्या अवयवावर येतो, ‘इग्-झॅ-सर्-बेट’, आणि आपल्याकडे ऐकू येणारं ‘एक्साबरेट’ दोन्हींपैकी कशातच बसत नाही.

पत्र पाठवण्याआधी एक काम राहिलंय. 5 मार्च ही तुम्ही लॅब डिप कुरिअरला दिल्याची तारीख आहे की बायरच्या हाती पडल्याची? ऑर्डर शीटवर सात दिवस ‘मिळाल्यापासून’ असे लिहिले असतील तर कुरिअरचे दिवस तुमच्या हिशेबातून वजा होतील, आणि चौदाचे कदाचित दहा उरतील. पोचपावती काढा, खरा आकडा धरा आणि ‘टू वीक्स’ त्याप्रमाणे बदला.